उंदरांवर सिद्ध

१८ नोव्हेंबर, सोमवार

राग शिळा व्हायला लागलाय, म्हणून लिहायला बसलोय. परवा हनुमंत सराचं तोंड आठवायला गेलो तर नुसता चष्मा आठवला. असंच चाललं तर उद्या चष्माही आठवायचा नाही, आणि मग मी काय करू? डेअरीनं दिवाळीला ही डायरी वाटली होती. सातवीपर्यंत शिकलोय, अक्षर वाईट आहे, पण वाचायचं मलाच आहे. पोरीच्या, रत्नाच्या हाती लागू नये म्हणजे झालं. ती आंबवड्याला दिली आहे, पण कधी टपकेल सांगता येत नाही.

तर पहिल्यापासून लिहून ठेवतो. माझी बायको साळूबाई. दोन वर्षं तिचं मन खचलं होतं. कारण काहीच नव्हतं. घरात भांडण नाही, तंटा नाही. चूल पेटवायची आणि जाळाकडं बघत बसायची, भाकरी करपून धूर झाला तरी. भोरच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ती सकाळी उठेना. म्हशी ओरडायच्या, डेअरीची वेळ टळायची. मग उन्हाळ्यात हनुमंत सर गावात आला. देवळापुढं मांडव, माइक, आणि टेबलावर त्याचा हर्षकांगणी काढा. वेल्ह्याच्या डोंगरातल्या मालकांगणीच्या बियांचा. "मनाची उदासी घालवणारा, प्राण्यांवरील प्रयोगांत सिद्ध झालेला," असं तो सारखं म्हणत होता.

मी म्हटलं, गाई-म्हशींवर सिद्ध झालाय तर माणसाला का मानवू नये? तरी खात्री करावी म्हणून धाकट्या म्हशीला आधी पाजला. ती शांत उभी राहिली. मग साळूला चालू केला. काढा आहे तर गोळ्या कशाला, दोन औषधं पोटात भांडतात.

श्रावणात भाटघरचं धरण भरलं. साळू सकाळी धुणं घेऊन गेली. धुणं दगडावर घडी करून ठेवलेलं सापडलं.

हे हनुमंत सरानं केलं. वहीत मी त्याला अरे-तुरेच करणार.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज गावातल्या पप्पूच्या टेम्पोतून नसरापूरला गेलो. पप्पू त्या हनुमंत सराच्या औषधशास्त्राच्या कॉलेजात भाताचं तूस पोचवतो. मी विचारलं, कॉलेजात तूस कशाला, गोठा आहे का?

"गोठा कसला तात्या, उंदरांच्या पिंजऱ्यात पसरायला."

"उंदीर कशाला पाळत्यात?"

"त्येंच्यावरच तर औषधं तपासत्यात. तुमी काय समजलाव?"

"परान्यांवर सिद्ध म्हनाला व्हता त्यो."

"मग उंदीर काय झाडाला लागतो व्हय?" पप्पू स्टिअरिंगवर हात मारून हसायला लागला. मग त्याला साळूची आठवण झाली असणार, कारण हसणं मधेच टाकून त्यानं उगाच हॉर्न वाजवला.

उंदीर! आमच्याकडं उंदराचं औषध म्हटलं की शेंबडं पोरही काय ते समजतं. ते माझ्या बायकोला पाजलं. बोटाएवढ्या उंदराची उदासी ह्यांना कुठं दिसली? उंदीर काय उसासे टाकतो?

येताना पप्पू म्हणाला, तिथं पिंजरे धुवायला माणूस पाहिजे आहे, आधीचा पळून गेला. मी एस.टी. स्टँडवर उतरलो आणि बराच वेळ तिथंच बसलो. घराला कुलूप घातलं होतं का हेही आठवेना, पण एक गोष्ट मात्र पक्की झाली.

२ डिसेंबर, सोमवार

लागलो कामाला. म्हशींना शेजारची अंबूबाई बघेल. ती म्हणाली, "ह्या वयात उंदरं राखायला चाललाव भावजी? मांजर तरी न्या संगं."

भीती अशी होती की हनुमंत सर मला ओळखेल. माझे कान मोठे आहेत, एकदा बघितलेला माणूस विसरत नाही. म्हणून मफलर बांधून गेलो. तो समोरून आला, मी भिंतीला टेकलो. माझ्याकडं बघून म्हणाला, "नवीन का? वास येता कामा नये," आणि गेला.

ओळखलं नाही. मफलर नसता तरी ओळखलं नसतं. ह्याचा राग वेगळा, ह्याला वेगळी ओळ.

खोली थंडगार, ओळीनं पिंजरे. उंदीर पांढरे, डोळे लाल, आमच्या कणगीतल्यांसारखे मुळीच नाहीत. धुतलेल्या कापसासारखे. मला वाटलं होतं किळस येईल.

५ डिसेंबर, गुरुवार

एकानं बोटाला चावलं. माया म्हणाली काही होत नाही. ही माया भोरची मुलगी, आई अंगणवाडीत आहे. मोठ्या डिग्रीसाठी हनुमंत सराच्या हाताखाली ह्याच काढ्याचा अभ्यास करते. बोटाला तिनंच पट्टी बांधली. मी दिवसभर जीभ काळी पडते का बघत होतो.

१९ डिसेंबर, गुरुवार

काय करायचं ते अजून ठरत नाही. पहिल्यांदा मनात आलं, सगळे पिंजरे उघडून द्यावेत. पण मग हनुमंत सर दुसरे उंदीर आणेल. त्याच्या चहात काही घालावं, तर चहा शिपाई देतो, मी नाही. शिवाय तुरुंगात माझ्या गुडघ्यांना फरशी सोसणार नाही.

आज माया डबा खाताना म्हणाली, "आजोबा, हा प्रयोग नीट पार पडला की सरांच्या काढ्याला मोठी कंपनी मिळणार आहे. पुण्या-मुंबईत दुकानात जाईल."

"आनि न्हाई पार पडला तर?"

"तर कोण घेणार?"

"पर पहिला झालाय न्हवं का सिद्ध? माइकवर म्हनत व्हते."

तिनं डब्याचं झाकण लावलं. "तो थोड्याच उंदरांवर घाईत केलेला होता. म्हणून तर मी परत करतेय."

घरी येताना एस.टी.त मला घाम फुटला होता, डिसेंबरात. म्हणजे ह्याचा जीव कशात आहे ते मला समजलं. गोष्टीतल्या राक्षसाचा पोपटात असतो तसा. ह्याचा उंदरात आहे.

७ जानेवारी, मंगळवार

प्रयोग उद्यापासून. सरकारी समितीची परवानगी आलीय, उंदराला किती त्रास द्यायचा तेही त्यात आहे म्हणे. माणसाला किती द्यायचा ह्याला समिती नाही.

मायानं समजावून सांगितलं. उंदरांचे तीन गट. शेपटीला लाल खूण असलेल्यांना काढा. निळ्या खुणेच्यांना दवाखान्यातली गोळी, उदासीवर माणसांना देतात तीच. कोऱ्या शेपटीच्यांना नुसतं पाणी. मग एकेक उंदीर काचेच्या उंच बरणीत कोमट पाण्यात सोडायचा. चढायला जागा नाही, पाय टेकत नाहीत. थोडा वेळ बघायचं तो काय करतो, आणि काढून टॉवेलानं पुसायचं.

मी विचारलं, "पान्यात कशाला?"

"कळतं त्यातून, मन किती खचलंय ते."

माझ्या हातातून पाण्याची बाटली पडली. ती म्हणाली राहू द्या, मी पुसते. तिला साळूचं काही माहीत नाही. इथं कुणालाच नाही.

कॅमेऱ्यानं टिपायचं असतं, पण कॅमेरा हनुमंत सरानं काढ्याच्या जाहिरातीला नेलाय. म्हणून दोन बरण्या, मधे पुठ्ठा. एक माया बघणार, एक मी. कोणता उंदीर कोणता हे बघणाऱ्याला माहीत नको, म्हणून शेपट्यांवर प्लॅस्टिकची नळी चढवायची. पण पिंजऱ्यातून उंदीर मीच काढणार, नळी मीच चढवणार. मला सगळं माहीत. हे त्या शिकलेल्या पोरीच्या लक्षात आलं नाही, किंवा दुसरं माणूसच नव्हतं.

"आजोबा, मोबाईल टिंग वाजला की तुमच्या बरणीत बघायचं. उंदरानं हार मानली असेल तर 'बुडाला' म्हणा. मानली नसेल तर 'तरला' म्हणा. मी लिहीन."

एवढं सोपं. हनुमंत सराचा पोपट माझ्या जिभेवर आणून ठेवला.

८ जानेवारी, बुधवार

वाईट दिवस. नीट लिहितो.

आम्ही धरणाकाठची माणसं. मला वडिलांनी पाण्यात टाकलं तेव्हा काठावरून ओरडत होते, "पान्याशी भांडू नगंस गेन्या! अंग सोड, पानी धरंल तुला!" जो हातपाय झाडतो तो बुडतो. जो गप पडतो तो तरतो. हे इथल्या पोराटोरांना माहीत आहे.

पहिला उंदीर निळ्या शेपटीचा, गोळीवाला. वेड्यासारखा हातपाय मारत होता. काचेला ओरबाडायचा, गोल फिरायचा, परत ओरबाडायचा. मला बघवेना. आता बुडतो की मग, असं झालं. मी मनात म्हटलं, बघा, गोळीनं हे होतं.

मग लाल शेपटीचा, काढ्याचा. दोन फेऱ्या मारल्या आणि गप झाला. नाक वर, पाय खाली सोडलेले, कसा शहाण्यासारखा तरंगत राहिला. दुसरा लाल, तोही तसाच. तिसराही.

म्हणजे काढा चांगला आहे? काढ्यानं जीव शांत होतो, पाण्यात तरतो? मग साळू का नाही तरली? काढा खरा असेल तर हनुमंत सराचं काय चुकलं? आणि त्याचं चुकलं नसेल तर हा एवढा राग मी कुणाच्या दारात नेऊन टाकू?

टिंग वाजलं. लाल शेपटी, गप. मी म्हणालो, "बुडाला."

परत टिंग. "बुडाला."

निळी शेपटी तडफडत होती, तिला म्हणालो, "तरला." दवाखान्याच्या गोळीपुढं ह्याचा काढा तोंडावर पडू दे. कोऱ्या शेपटीचे काही गप पडत, काही झाडत, त्यांना येईल ते म्हटलं.

खोटं बोललो. धडधडीत. पुठ्ठ्यापलीकडं माया खाली मान घालून माझं खोटं लिहीत होती. उंदीर पुसताना मी मफलर आणखी घट्ट आवळला. ती म्हणाली, "थंडी वाजतेय का आजोबा? चहा आणते."

१६ जानेवारी, गुरुवार

रोज खोटं बोलतो. आता काही वाटत नाही. सकाळी लवकर उठतो, आंघोळ करतो, एस.टी.ला सगळ्यांच्या आधी उभा असतो. भाकरीला चव येते. अंबूबाई म्हणाली, "भावजी, उंदरं मानवली तुमाला."

मग पदराखालून बाटली काढून दाखवली. हर्षकांगणी. सुनेनं आणली. "लई गुण हाय बगा. निस्ती झोप लागती. काई सुदरत न्हाई, काई नगं वाटतं."

मी बाटलीकडं बघत राहिलो. गुण येतो म्हणते. उंदरांनाही येतो. आणि मी खोटं बोलतोय. देव बघत असेल तर बघू दे. त्यानं श्रावणातही बघितलंच होतं.

३० जानेवारी, गुरुवार

आज सगळं उलटंपालटं झालं.

माया सकाळपासून कॉम्प्युटरपुढं होती. दुपारी खोलीत आली आणि पिंजऱ्याला टेकून उभी राहिली. "आजोबा, काढा नापास."

मी तोंड फिरवलं, हसू दिसू नये म्हणून. म्हटलं, "अरारा."

"मला वाटलं, तुमची बघण्यात चूक झाली असेल. रागावू नका. म्हणून माझ्या बरणीतले उंदीर वेगळे काढले. तर तेच. तुमच्याकडं जे, तेच माझ्याकडं."

मला काही समजेना. मी खोटं बोललो, ही का बोलेल? "म्हंजी तुलाबी लाल शेपटीचं उंदीर बुडालेलं दिसलं?"

"सगळ्यांत जास्त. नुसत्या पाण्याच्या उंदरांपेक्षाही आधी गप पडले."

"गप पडलं म्हंजी तरलं की!" तोंडातून गेलंच.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग हळूहळू सगळं काढून घेतलं माझ्याकडून. लहान पोराला विचारावं तसं. मीही सांगून टाकलं. वडिलांचं पोहायला शिकवणं, गप पडणारा तरतो हे, आणि मी रोज उलट बोललो हेही. का बोललो ते तेवढं नाही सांगितलं. म्हटलं, तुझ्या सराचं तोंड मला आवडत नाही.

वाटलं चिडेल. ती स्टुलावर बसली आणि हसायलाच लागली, मग डोळे पुसले. मग समजावलं. उंदराला पाण्यात सोडलं की तो सुटायला धडपडतो. धडपड थांबवून नुसता तरंगतो, तेव्हा त्यानं सुटायची आशा सोडली असं धरतात. औषध चांगलं असेल तर तो जास्त वेळ धडपडतो. निळ्या शेपट्या धडपडत होत्या त्या ह्याच्यामुळं. काढ्यानं उंदीर नुसते सुस्त झाले.

"उंदराच्या मनात काय असतं ते मला तरी कुठं ठाऊक, आजोबा. आपण फक्त हालचाल बघतो. आणि उंदराला गुण आला तरी माणसाला येईलच असं नाही. ते माणसांवर वेगळं तपासावं लागतं. पण सरांचा काढा उंदरांवरही टिकला नाही."

"त्या निळ्या गोळीनं मानूस झोपूनच ऱ्हातं की पर."

"काहींना येते सुरुवातीला झोप. डॉक्टरला सांगितलं की बदलून देतात."

मी पिंजरे धुवायला घेतले. धुतलेलेच परत धुतले.

म्हणजे तरंगत होते ते हरलेले होते. पाणी त्यांना येत होतं, पाय होते, तरी थांबले.

साळूला पोहायला यायचं. तिचं माहेर धरणाच्याच काठचं.

३ फेब्रुवारी, सोमवार

अंबूबाईच्या सुनेला सांगून बाटली ओतून टाकायला लावली. सून फणकारली, "तुमाला काय कळतंय मामंजी, डाक्टर हाय का तुमी?" मी म्हटलं, न्हाई, उंदीर राखतो. तरी ओतली.

हनुमंत सर आज आरडाओरडा करत होता. पिंजऱ्यांच्या खोलीपर्यंत ऐकू येत होतं. "लेबलं छापून तयार आहेत! कंपनीची माणसं तेरा तारखेला येतायत! आणि तू एका अडाणी म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकून मला शिकवतेस?" मायाचा आवाज बारीक, पण थांबत नव्हता.

मला गोड वाटलं. खूप दिवसांनी असं गोड वाटलं. जळू दे. घशाला कोरड पडेस्तोवर ओरडू दे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गोड वाटणं टिकलं नाही. हनुमंत सरानं मायाला सांगितलंय, म्हाताऱ्याच्या बरण्या चुकल्या म्हणून सोडून दे, स्वतःच्या नीट करून लिही, काढा पास कर. नाहीतर प्रबंधावर सही नाही. सही नाही तर डिग्री नाही. आईनं अंगणवाडीच्या पगारावर शिकवलंय तिला.

मी मारला दगड सरावर, लागला पोरीला. येताना एस.टी.त बसायला जागा होती तरी उभा राहिलो.

त्याआधी, दुपारीच, मी तिला म्हणालो होतो, "मी जातो सरांकडं. सांगतो म्या खोटं बोललो. तुझं काम व्हतंय तर हूं दे."

"तुम्ही खोटं बोललात हे खरं आहे. पण निकाल खोटा नाही."

"त्येला कुठं ठावं हाय?"

"आजोबा, तुम्ही खोटं बोलायला गेलात आणि खरं बोलून बसलात. आता खरं सांगायला जाऊन खोटं नका करू."

हे दोनदा म्हणायला लावलं तेव्हा समजलं. मग मी तिला साळूचं सांगितलं. मांडव, माइक, काढा, श्रावण. ती ऐकत राहिली. शेवटी तिनं एकच विचारलं, "आधीच्या गोळ्या चालू होत्या ना?"

मी म्हटलं, पाणी भरायचं राहिलंय, आणि उठलो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज झालं. हात अजून ओला वाटतोय.

कंपनीची माणसं आली, एक बाई आणि एक जण. हनुमंत सर सूट घालून. त्यानं मायाला बाजूला उभं केलं आणि मला म्हणाला, "म्हातारबा, एक काढ्याचा उंदीर घ्या. पाहुण्यांना दाखवू कसा ताजातवाना असतो." त्याला वाटलं असेल एखादा तरी पोहेल.

मी लाल शेपटीचा काढला. नळी चढवली नाही. शेपटी दिसू दे. सोडला पाण्यात.

पोहला थोडा. सर म्हणाला, "बघा!" आणि उंदीर थांबला. नाक वर, पाय खाली. सरानं काचेवर टिचकी मारली. उंदीर हलला नाही.

"आज दमलेला दिसतोय. दुसरा घ्या."

"दुसराबी लालच हाय, सर. त्योबी असाच करल."

कंपनीची बाई माझ्याकडं वळली. "काका, नेहमी असंच करतात?"

"व्हय बाई. लाल शेपटीचं लवकर थांबत्यात. निळी शेपटी झगडती. ह्या पोरीनं सगळं लिवलंय, ती सही मागती तर सर देत न्हाईत."

"अहो ह्यांना काय कळतंय!" सर हसला. "अडाणी माणूस."

"अडानी हाय म्हनूनच तर तुमचा काढा घेतला, सर."

तो हसायचा थांबला. मी मफलर सोडला. म्हणालो, भाटघर. देवळापुढचा मांडव. माझी साळूबाई रोज सकाळ-संध्याकाळ तुमचा काढा प्यायची, आणि श्रावणात धरणात गेली. तिला पोहायला येत होतं. ह्या उंदरालाही येतं. बघा त्याच्याकडं. माझ्याकडं नका बघू, त्याच्याकडं बघा. मी महिनाभर बघितलंय.

त्यानं बघितलं. चष्म्याआड डोळे बारीक झाले. मग बोट माझ्याकडं केलं. "म्हैस! म्हशीचं दावं धरून मागं उभे होता ते तुम्ही! तुम्ही विचारलं होतं, गोळ्या बंद केल्या तर चालतील का. मी नाही म्हणालो होतो. माइकवर म्हणालो होतो, डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका. अख्ख्या गावानं ऐकलंय!"

म्हणाला असेल. माइक खरखरत होता. मी असं काही विचारल्याचं मला आठवत नाही.

"आजोबा, उंदीर!" माया ओरडली. आम्ही सगळेच विसरलो होतो. मी हात घालून काढला. जिवंत होता. टॉवेलात गुंडाळून छातीशी धरला, त्याचं काळीज बोटांखाली फडफडत होतं.

कंपनीची माणसं चहा न घेता गेली. सर मला म्हणाला, उद्यापासून येऊ नका. आवाज चढला नव्हता. खुर्चीवर बसून तो चष्मा पुसत राहिला, खूप वेळ. मला हेच पाहिजे होतं. त्याला असं बसलेलं बघायलाच तर मी आलो होतो.

नसरापुरात जिलबी घेतली. घरी आलो, पुडी सोडलीच नाही. अंबूबाईला देऊन टाकली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

उठलो आणि कुणावर चिडायचं ते सापडेना. परत झोपलो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दहा दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. अंबूबाईनंच रत्नाला फोन केला असणार की भावजी उठत नाहीत, म्हशींचं दूधही काढत नाहीत.

रत्ना आंबवड्याहून आली. मी अंथरुणातूनच तिला सगळं सांगितलं. सराला कसा उघडा पाडला, कंपनी कशी पळाली. मायाचा फोन आलेला तेही सांगितलं, तिला कॉलेजनं दुसऱ्या मॅडमच्या हाताखाली दिलंय, आहे तोच निकाल मांडणार आहे. वाटलं, पोरगी म्हणेल, आबा, आईचा सूड घेतलात. ती भांडी घासत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "उठा. भोरला जायचंय."

"मला काय झालंय?"

"आईला झालं व्हतं त्येच. मला दिसतंय."

एस.टी.त माझ्या शेजारी बसली. खिडकीतून धरणाचं पाणी दिसत होतं, ह्या दिवसांत खाली गेलेलं, काठचा चिखल उघडा. ती पाण्याकडं न बघता म्हणाली, "आबा, आईच्या गोळ्यांचं पाकीट मला गोठ्यामागच्या उकिरड्यात गावलं व्हतं. भरलेलं."

मग तिनं माझा मफलर नीट केला.

डॉक्टर तोच. मला खुर्चीत बसवलं, झोप येते का, भूक लागते का, जगावंसं वाटतं का, सगळं सावकाश विचारलं. मी खरी उत्तरं दिली. खोटं बोलायचा कंटाळा आला होता. त्यानं गोळ्या दिल्या आणि सांगितलं, गुण यायला तीन-चार आठवडे लागतात, पहिल्यांदा झोप जास्त येईल, घाबरू नका, मला येऊन सांगा, मी बदलून देईन. मधेच बंद मात्र करायच्या नाहीत.

हे सगळं त्यानं साळूलाही सांगितलं असणार. तेव्हा मी समोरच्या टपरीवर चहा पीत होतो.